सीटखालच्या डब्याची पूजा

मु. पो. धसईजवळ, ता. मुरबाड
दसऱ्यानंतर, सन २००९

चि. धाऊ यास, तुझ्या बायचा आशीर्वाद (तुझी लायकी नसली तरी. आशीर्वादाला पैसे पडत नाय).

तू, सरिता आणि पोरं वाशिंदला सुखात असाल. सरिताचा गुडघा कसा आहे, नव्या बिल्डिंगला पाणी येतं का नाय, ते कळव. पत्र अशासाठी लिहिते की फोन केला की तू "बाय, रेंज नाय" म्हणून कट करतोस. पत्राला रेंज लागत नाय. इकडे सगळे खुशाल आहेत, एक गाडी सोडून. म्हणजे खुशाल कोणच नाय.

आठवतं का, दोन वर्षांमागं आमच्या अंगणात खाटेवर बसून, माझ्या हातची भाकर खात तूच बोललास, बाय, तुमची जुनी पिकअप आता काढा, सेकंडहँड का होईना पण कंप्युटरवाली घ्या, डिझेल मोजून पिते. तुझ्या दाजींना तेवढंच पाहिजे होतं. जुनी गाडी तू भंगाराच्या भावात नेलीस (उपकार केलास, विसरले नाय) आणि आमी ही शहाणी घेतली. शहाणी खरीच. डिझेल मोजून प्यायची आणि आमची कारली-काकडी घेऊन कल्याणच्या मार्केटला पहाटे वेळेत उभी राहायची. दाजी तर तिच्याशी माझ्यापेक्षा गोड बोलायचे.

मग आला दसरा. कोयता, विळा, नांगर, पंप, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, तसं गाडीलाही. हार घालावा, चाकाखाली लिंबू ठेवावं, पुढं नारळ फोडावा, मोकळं व्हावं. पण तुझ्या दाजींचं डोकं चाललं. मुरबाडच्या मिस्त्रीनं त्यांना मागं दाखवलं होतं की कंप्युटर सीटखालच्या डब्यात असतो आणि तोच सगळी गाडी चालवतो. दाजी म्हणाले, चाकांना हार घालायचा आणि चालवणाऱ्याला उपाशी ठेवायचं, हे देवीला पटेल का? पाना आणला, सीट काढली, डबा सोडवला, पाटावर बसवला. मी म्हटलं, अहो, वायरी सुटल्यात. तर म्हणे, अंघोळ घालायची तर कपडे काढावेच लागतात. मग हळद, कुंकू, अक्षता आणि वरून अख्ख्या नारळाचं पाणी. जिथं वायरी खोचतात त्या तोंडात तर घास भरवल्यासारखं. मी ओरडले तर शेजारची सावळी मलाच म्हणते, "गो, देवाच्या कामात बोलू नये." (तिच्याकडं बैलगाडी आहे. तिला काय.)

डबा पुसून परत बसवला. गाडी देवळाला फेरी मारून आली. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय तालुक्यात पहिले आले. दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरला, चावी फिरवली, पिवळा दिवा लागला आणि गाडी मेली.

मिस्त्रीनं डबा उघडला. आधी वास घेतला. मग चिमट्यानं तांदूळ वेचायला लागला. म्हणतो, "काका, आतमधे कोणाचं लग्न लागलं का?" दाजी म्हणाले, पूजा केली, दुसरं काय नाय. मिस्त्रीनं हात जोडले. डब्याला जोडले का दाजींना, ते कळलं नाय.

मग कल्याणचं मोठं वर्कशॉप. तिथं काचेमागं टायवालं पोरगं बसलेलं. त्यानं सांगितले बेचाळीस हजार. मी म्हटलं, आमी डबा विचारतो, गाडी नाय. तर म्हणे, मावशी, डब्याचेच, प्रोग्रॅमिंगचे वेगळे. प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, तर नव्या डब्याला आपली गाडी ओळखायला शिकवायचं. म्हणजे बघ, सून आणायचे पैसे द्या आणि तिला सासू दाखवायचे वेगळे द्या. तेवढ्या पैशात बैलजोडी येते, वर झुली येतात, आणि बैलांना आपलं घर फुकट कळतं.

दाजींनी अजून अक्कल चालवली. मुंबईच्या भंगारातून जुना डबा आणला, आठ हजारांना. पण तो दुसऱ्याच गाडीचा, त्याला दुसऱ्याच चावीची सवय. गाडी एकदा खोकली आणि आपल्याच अंगणात आपल्याच मालकाला चोर समजून गप्प बसली. (मिस्त्री म्हणतो, नव्या गाड्यांना तेवढी अक्कल असते. खरंच असते.)

तोवर मांडवावरची कारली कोणाच्या कंप्युटरसाठी थांबतात? एक दिवसाआड तोडावी लागतात. नाय तोडली की पिवळी होऊन फुटतात आणि लाल बिया दाखवून हसतात. मंगळ्या टेम्पोवाला दुप्पट भाडं घेतो आणि आमच्या मालावर दुसऱ्याचे कोबी लादतो. एसटीत टाकायला गेले तर कंडक्टर म्हणतो, "मावशी, कारल्यांचं हाफ तिकीट काढू का फुल?"

आता दाजी फक्त माझ्या हातांकडं बघतात. जेवायला वाढताना बघतात, भांडी घासताना बघतात. आयच्या पाटल्या आहेत त्या, धाऊ. तुझ्यासमोर तिनं माझ्या हातात घातल्या. मी साफ सांगितलंय, हात न्या, पाटल्या नाय. आणि तू घाबरू नको, तुझ्याकडं काय मागायला हे लिहिलं नाय. मला तुझं काय नको. पोटात होतं ते बाहेर काढलं.

भाऊबीजेला ये. एसटीनं धसईला उतर आणि चालत ये. न्यायला गाडी येणार नाय, का ते वर लिहिलंय. सरिताला गुडघ्याला तेल लावायला सांग, पोरांना मुका दे.

तुझी बाय,
सकुबाई

ता. क. ओवाळणीत साडी आणू नको. मागच्या साडीचा मी मोरीला पडदा केला. आमची जुनी पिकअप तिकडं बिल्डिंगवाल्यांची कपाटं वाहून तुला चार पैसे देते असं ऐकलं. भंगाराला बरंच बळ आलं म्हणायचं. ती ताटात घाल. नुसती चावी घातलीस तरी मी ओवाळीन.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात पाटल्या गेल्या. कारल्यांचा अख्खा तोडा मंगळ्याच्या टेम्पोत नासला, ते बघवलं नाय. दाजींनी मागितल्या नाय, मीच काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. नवा डबा बसला, गाडी पहिल्या चावीला चालू झाली. आयच्या पाटल्या आता सीटखाली बसून रोज कल्याणला जातात. भाकर थापताना आवाज येत नाय, एवढंच.

शेवटचं. दाजी आत्ताच बाजारातून आले. लक्ष्मीपूजनासाठी चांगला पाणीदार नारळ आणलाय, कानाशी धरून हलवून बघतायत. आणि मला विचारतात, पाना कुठं ठेवलास? पाना मी तांदळाच्या कणगीत पुरलाय, पण किती दिवस पुरेल सांगता येत नाय. तू भाऊबीजेची वाट बघू नको. जुनी गाडी घेऊन धनत्रयोदशीलाच ये. तिच्यावर त्यांना पाहिजे तेवढे नारळ फोडू दे. तिला भिजायला डोकंच नाय.