रिकाम्या इमारतीचे अठरा फोटो

३ मार्च
आजपासून पोटापाण्याची फोटोग्राफी बंद. इस्टेट एजंटांसाठी दोन खोल्या चार खोल्यांएवढ्या दाखवण्यात दहा वर्षं गेली. आता फक्त शहर, वास्तू, कला. बायकोला सांगितलं. बरं म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

५ मार्च
हल्लीच्या फोटोग्राफरांचं शहर म्हणजे काय, तर वाळत घातलेले कपडे, जिन्यातली पोरं, खिडकीतली म्हातारी. की लोक ‘किती जिवंत’ म्हणून माना डोलवायला मोकळे. माणूस फ्रेममध्ये आला की इमारतीकडे बघतो कोण? माझा सिद्धांत सोपा आहे. माणसं हलवा, वास्तू आपोआप बोलते. साडूला ऐकवला. तो जांभई देत मोबाइल चाळत होता. गाढवाला गुळाची चव काय.

८ मार्च
ताई आली होती. तिच्या इमारतीच्या मालकाने पालिकेकडे अर्ज केलाय, की भाडेकरू केव्हाच सोडून गेले, इमारत ओस पडलीय, पाडायची परवानगी द्या. धडधडीत खोटं. बावीस कुटुंबं राहतात. सुनावणी तेवीसला, फायलीत फोटो जोडायचेत. ताईने सगळ्यांना सांगून टाकलंय, माझा भाऊ नावाजलेला फोटोग्राफर आहे. खरंच आहे ते. हो म्हटलं.

११ मार्च
विचार पक्का. साधे पुराव्याचे फोटो कुणीही काढेल. इमारत किती देखणी आहे हे दिसलं, की पाडायची कुणाची छाती होणार नाही.

१४ मार्च, सकाळी ७
शूट. कपड्यांच्या दोऱ्या सोडवल्या. चपला, बादल्या, सायकली मागच्या बाजूला. दारांवरच्या नावाच्या पाट्यांनी भिंतीची लय बिघडत होती, त्या उतरवून घेतल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं, आम्ही कुठे उभं राहायचं? रस्त्यापलीकडे, म्हटलं. बावीस कुटुंबं पारोशा अंगाने फुटपाथवर तासभर उभी होती. ताईच्या शब्दाखातर कुणी चकार शब्द काढला नाही.

१६ मार्च
एडिटिंग. एका खिडकीत ताईचा हात राहून गेला होता. पुसला. अठरा फोटो निवडले. अप्रतिम.

१९ मार्च
ताईने फोटो पाहिले. अठराही दोनदा उलटून बघितले. मग म्हणाली, यात आम्ही कुठे आहोत रे? तासभर समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर विचारते, तुझ्या साडूने परवा येऊन मोबाइलवर आम्हा सगळ्यांचे काढलेले चार जोडू का? मला लागलं ते. खुशाल जोड, पण मग मला भाऊ म्हणू नकोस, असं सांगून निघून आलो.

२१ मार्च
तिने माझेच जोडले. शेवटी रक्ताचं नातं.

२३ मार्च
सुनावणी. मालकाच्या वकिलाने स्वतःचा एकही कागद काढला नाही. आमची फाइल मागितली आणि माझे फोटो एकेक करून साहेबांपुढे ठेवले. म्हणाला, हे भाडेकरूंनीच दिलेत. दाराला पाटी नाही, दोरीवर फडकं नाही, माणूस तर औषधालाही नाही. मास्तर उठून ओरडले, आम्ही राहतो तिथे. शिपायाने त्यांना खाली बसवलं. साहेब फोटोच बघत होते. एवढं लक्ष देऊन माझं काम आजवर कुणी बघितलं नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते.

२ एप्रिल
पाडायची परवानगी मिळाली. मालकाला.

९ एप्रिल
ताई आणि भावोजी आमच्याकडे राहायला आले. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. उलट बायकोला म्हणाली, त्याला रागावू नकोस, मीच अडाणी, मला कलेतलं काय कळतं.

संध्याकाळी त्या वकिलाचा फोन. नव्या टॉवरचे फोटो मीच काढावेत असं मालकाचं म्हणणं. साफ नाही म्हणणार होतो. बोलता बोलता तारीख ठरली.

ताईने विचारलं, काम मिळालं का रे? हो म्हटलं. कुणाचं ते तिने विचारलं नाही. मास्तरांना फोन लावून कौतुकाने सांगत बसली, भावाला मोठं काम आलंय.