पडून घे की जरा

प्रिय आई,

तुला पत्रबित्र लिहायचा माझा विचार नव्हता. तुला वाचायला चष्मा लागायचा, आणि तो इथेच, शिलाई मशीनच्या खणात राहिलाय. पण आज रिंकवर एक गोष्ट झाली आणि ती कुणाला तरी सांगायला हवी होती. पप्पा शिफ्टला गेलेत. दादाला सांगितली तर तो हसेल. उरलीस तू.

उद्या वाशीला जिल्ह्याची स्पर्धा आहे. छोट्या मुलींना घेऊन जायचं काम सरांनी माझ्यावर टाकलंय. आज सराव संपल्यावर सायलीची आई तिला न्यायला आली होती. सायली आमच्यातली सगळ्यात लहान, पण उडी अशी मारते की बघत राहावं. तिच्या पायातले स्केट काढता काढता तिची आई म्हणाली, "उद्या जेवण झालं की जरा पडून घे हां. संध्याकाळी फ्रेश राहशील."

माझ्या हातातली सरावाच्या गाण्यांची कॅसेट खाली आली. बघ, "खाली पडली" लिहायला अजून माझा हात अडखळतो. इतकी तुझी शिकवण पक्की!

हे स्केटिंगचं खूळ मुळात तुझंच ना? आपण जुईनगरात नवीन होतो. पप्पा महापेच्या कंपनीत आणि तू घरी साड्यांना फॉल-बीडिंग करायचीस. कुणाची तरी साडी पोचवायला गेलीस आणि शाळेच्या आवारात चाकांवर फिरणाऱ्या मुली बघून आलीस. "शुभे, जमिनीला पाय न लावता नाचत्यात गं पोरी," असं सांगितलंस. साताऱ्याकडच्या आपल्या गावात सायकल शिकणाऱ्या मुलीलासुद्धा धीट समजत. त्या गावची तू, आणि तुला आपली मुलगी चाकांवर हवी होती.

रेसवाल्यांचं सोपं असतं, त्यांना फक्त पहिलं यायचं असतं. आमचं फिगर स्केटिंग. सिमेंटवर रंगवलेल्या गोलाची रेष न सोडता फिरायचं, गाण्यावर गिरक्या घ्यायच्या, उडी मारून एका पायावर पाठमोरं उतरायचं, आणि वर हसायचं. टीव्हीवर बर्फावरच्या मुली दाखवल्या की तुला एकच प्रश्न पडायचा, यांना थंडी वाजत नसेल का? त्यांचे झगे बघून तू माझे झगे शिवायचीस. हातांना मात्र लांब बाह्या, पोरीला गारठा नको म्हणून. नवी मुंबईत कसला गारठा गं?

पहिल्या स्पर्धेच्या दुपारी तू खोलीत सतरंजी अंथरलीस आणि म्हणालीस, "दमलीयास. पडून घे की जरा." मी पडले, झोपही लागली. संध्याकाळी रिंकच्या कडेला पांढरी चादर घातलेल्या टेबलामागे परीक्षक बसले होते. माझं नाव पुकारलं. सरावाला ती उडी मी गप्पा मारत मारायचे. तिथे उतरताना गुडघा वाकायला हवा होता, तो वाकलाच नाही. सगळ्यांसमोर लादीवर बसले.

परत येताना रिक्षात तू रस्त्याकडेच बघत बसलीस. मला वाटलं, माझ्यावर रागावलीस. घरी आल्यावर पप्पांना सांगताना ऐकलं तेव्हा कळलं.

"माझ्याच तोंडातनं वंगाळ गेलं. पड म्हणाले, पोरगी पडली."

पप्पांनी तुला समजावून पाहिलं. तू कुठली ऐकतेस! दुसऱ्या दिवसापासून आपल्या घरातून "पडणं" हद्दपार झालं. पाऊस यायचा, ऊन लागायचं, भाजीत मीठ कमी व्हायचं. शेजारच्या काकूंना बरं नसायचं, पण त्या आजारी कधी पडायच्या नाहीत. दादाला तर खेळच मिळाला. पप्पांचा चेहरा आज कसा झालाय, असं तो मुद्दाम विचारायचा, आणि तू "उतरलाय" म्हणून सुटायचीस. एकदा त्याने तुला सांगितलं की इंग्रजीत फॉल म्हणजे पडणंच, मग दारावरच्या फॉल-बीडिंगच्या पाटीचं काय करायचं? तू खरंच विचारात पडलीस. पाटी राहिली, पण गिऱ्हाइकांशी बोलताना तू "साडीची पट्टी" म्हणायला लागलीस. त्या बायकांना काही कळायचं नाही.

मीही तेव्हा हसायचे. हसू पुढे कधी आटलं ते नेमकं आठवत नाही.

कारण शब्द गेला तरी त्याची जागा रिकामीच राहिली ना. तू बोलता बोलता मध्येच थांबायचीस, "आज भात जरा कमी..." आणि दुसरा शब्द शोधायचीस. त्या थांबण्यात मला तोच ऐकू यायचा. दात काढल्यावर जीभ सारखी तिथेच जाते, तसं. स्पर्धेच्या आठवड्यात तर तू इतकी जपून बोलायचीस की घरात दुसरा विषयच नसायचा.

स्पर्धेत नेमकं काय होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते, आता तू घाबरणार नाहीस. बूट बांधून बाकावर बसायचं आणि आधीच्या मुलीचं संपायची वाट बघायची. नाड्या पुन्हा पुन्हा तपासायच्या. गाणं सुरू झालं की थोडा वेळ सगळं ठीक असतं. मग उडी जवळ येते, आणि जे अंग सरावाला काही न विचारता सगळं करतं, ते एकदम मला विचारायला लागतं, आता काय करू? मी सांगत बसते. तोवर लादी आलेली असते.

सरांना हे माहीत होतं. ते एकदा घरी आले होते, आठवतं? तुझ्यासमोरच मला म्हणाले, "पडलीस तर पड. पडून राहू नकोस, एवढंच." एका दमात तीनदा! तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सरांना चहा मिळाला, पण दुसरा घेता का म्हणून तू विचारलं नाहीस. ते गेल्यावर उंबऱ्यावर पाणी शिंपडलंस. माझ्यासाठी तेव्हा ते विनोदी राहिलं नव्हतं. घरात कुणीतरी तो शब्द मोठ्याने बोललं, याचंच मला बरं वाटलं होतं.

मला राज्याच्या संघात जायचं होतं. बाकी काही मागितलं नव्हतं मी. माझ्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष, निवड वाशीलाच होती. माझा नंबर यायच्या आधी तू कठड्यापाशी आलीस. माझी वेणी पुन्हा घट्ट केलीस. काहीतरी सांगायला तोंड उघडलंस, आणि मिटलंस.

काय सांगणार होतीस गं? "पडलीस तरी चालंल," हेच ना?

ते ऐकलं असतं तर मी उडी मारून आले असते, असं मी म्हणत नाही. तो गुडघा माझा होता. पण पूर्ण गाणंभर मी तुझ्या मिटलेल्या तोंडाचाच विचार करत होते. पडले, उठले, हसले, गाणं संपवलं. संघात नाव आलं नाही. त्यानंतर मी स्पर्धेत उतरले नाही, छोट्या मुलींना शिकवायला लागले. तू कधी का म्हणून विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा राग आला होता मला तुझा. आता तो लिहून टाकला, संपला.

आता हॉस्पिटलचं. त्या दुपारी तू बरी होतीस. हृदयाचं दुखणं असलं तरी लवकरच घरी सोडू म्हणाले होते. साताऱ्याकडची पाहुणे मंडळी येऊन गेली. प्रत्येकाशी तू उठून बसून बोललीस, प्रत्येकाला चहाचं विचारलंस, जसं काही तो वॉर्ड म्हणजे आपलं घर. सगळे गेल्यावर तू पार थकलेली दिसलीस. मी उशी सारखी केली आणि म्हणाले, "आई, पडून घे की जरा."

तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तुझ्या आधीच आलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि चक्क हसलीस.

"म्हणालीस का शेवटी!"

आणि कुशीवर वळून पडलीस. सर सांगायचे पडून राहू नकोस. तू पडून राहिलीस.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी तुझ्यासारखाच हिशोब करत होते. मी पड म्हणाले, आई पडली. कुणाला सांगितलं नाही. आज सायलीची आई तेच बोलली, आणि सायलीने "हो" म्हटलं आणि उड्या मारत निघून गेली. मी कठड्यापाशी उभी राहिले आणि मला एक सरळ गोष्ट कळली. माझ्या शब्दाने तू गेली असशील, तरच तुझ्या शब्दाने मी पडले असेन. आणि माझ्या शब्दाने तू गेली नाहीस. तुझं हृदय थकलं होतं. मग त्या संध्याकाळी माझाही फक्त गुडघा वाकला नव्हता. तुझ्या तोंडातून वंगाळ काहीही गेलं नव्हतं, आई. दमलेल्या पोरीला तू पड म्हणालीस, एवढंच.

हे तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं, पण मला तरी ते आजच कळलं.

तर माझा शब्द घे. उद्या दुपारी तुझी ती सतरंजी मी वाशीला नेणार आहे. कपडे बदलायच्या खोलीत अंथरीन आणि सगळ्या पोरींना सांगेन, पडून घ्या की जरा. त्या पडणार नाहीत, चुळबुळ करतील, एकमेकींच्या वेण्या ओढतील. सायलीचं नाव पुकारलं की मी कठड्यापाशी जाईन, आणि तोंड मिटणार नाही. पडलीस तरी चालेल, असं तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगेन.

तू काळजी करू नकोस. पड निवांत.

तुझी,
शुभी