खिडकीतली खुर्ची

बनशंकरी, शुक्रवार, संध्याकाळ

दोनदा साबण लावला तरी हाताचा मासळीचा वास जात नाही. आज हॅचरीत मागूर माशाची पिल्लं चाळली. चाळणीत राहिलेली मोठी पिल्लं दुसऱ्या टाकीत सोडली. एकत्र ठेवली तर मोठी लहानांना खातात, नाहीतर ढकलून खाद्यापासून लांब ठेवतात. मोठी गेली, पण लहान पिल्लं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली. पुढ्यात खाद्य असून एकही हललं नाही. टाक्या सांभाळणारे रामण्णा म्हणाले, "स्वल्प थांब. मोठ्यांची भीती जायला वेळ लागतो. उद्या खातील."

पण ती भीतीच असेल का?

अक्का लग्न होऊन बेळगावला गेल्यापासून आईही मला तेच सांगते, आता तुला मोकळं झालं. झालंच आहे. खिडकीतली खुर्ची अक्काची, पहिली गरम भाकरी अक्काची, घरात आधी बोलायचा मान तिचाच. त्या खुर्चीवरून तर आमची रोजची भांडणं. आता ती रिकामीच असते.

मघाशी अक्काचा फोन आला होता. म्हणाली, "आता खिडकीत तूच बसत असशील ना गं?"

"हो," म्हटलं. "छान वारा येतो."

फोन ठेवला. मी खालीच बसले होते, रिकाम्या खुर्चीला पाठ टेकून, अक्का त्यात असताना बसायचे तशी.