नऊ वेळा परवा

शनिवार, दि. १७ जानेवारी २०२६
सकाळचे ११ वाजून ४० मिनिटे
शिरूर एसटी स्टँड. चौफुल्याच्या गाडीची वाट बघत, मांडीवर डब्याची पिशवी आणि पिशवीवर वही ठेवून.

प्रिय अक्रमभाई,

अस्सलामु अलैकुम. इकडे खुटबावला अम्मी, अब्बा, निलोफर सगळे खुशाल आहेत. अब्बांचा खोकला गेला. पाण्याच्या मोटारी वाइंडिंगला रोज दोन-तीन तरी येतात, त्यामुळे त्यांचा मूडही बरा असतो. तू बरा असशील.

हे पत्र वहीत लिहून त्याचे फोटो मी तुला मेल करणार आहे. फोनवर बोलायला लागलं की अम्मी शेजारी येऊन बसते आणि “अक्रमला जरा वळायला सांग, वाळलाय का बघू दे” म्हणत फोन हातात घेते. मला तुझ्या एकट्याशी बोलायचं आहे.

आधी मोठी बातमी. भाई, मला नोकरी लागली! फ्लेक्सच्या दुकानाची नाही. ऑफिसची. गळ्यात कार्ड, चाकाची खुर्ची, आणि कार्डावर माझं नाव बरोबर स्पेलिंगने. मी स्वतः तपासून दिलं. ट्रायलवर तीन महिने झाले, आता कायम करायचं पत्र हातात आलं आहे. सोमवारपर्यंत सही करून द्यायची होती. त्या सहीबद्दलच हे पत्र आहे, पण सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मी घाबरून मधलं काहीतरी गाळीन.

ऑफिस शिरूरला बियाण्याच्या दुकानाच्या वर आहे. मालक ज्ञानेश सर. पुण्याच्या मोठ्या कंपनीत दहा वर्षं काढून ते गावाकडे आले. आम्ही अकरा जण आहोत. काम तिकिटं तपासायचं. तिकीट म्हणजे एसटीचं नव्हे. अमेरिकेतल्या एखाद्या दवाखान्याचं बिलाचं सॉफ्टवेअर बंद पडलं की ते तक्रार करतात, त्या तक्रारीच्या नोंदीला तिकीट म्हणतात. तुला मी हे काय सांगतोय! तुझी अमेरिकेतली सहा वर्षं त्यातच गेली.

बारावीत दोनदा नापास झालेल्या मुलाला हे काम कसं मिळालं, तर स्पेलिंगमुळे. दौंडच्या दुकानात पाच वर्षं मी वाढदिवसाचे फ्लेक्स केले. एक वेलांटी किंवा इंग्रजी अक्षर चुकलं तरी अख्खा फ्लेक्स मालक माझ्या पगारातून कापायचा. डिक्शनरी मी त्या भीतीने पाठ केली. ज्ञानेश सरांनी मुलाखतीला एक पान दिलं आणि म्हणाले, “ह्यात सात चुका हायत, काढ.” मी नऊ काढल्या. दोन त्यांच्या स्वतःच्या होत्या. ते इतके हसले की खालचा बियाणेवाला वर बघायला आला.

इथे दिवसभर मजा असते. चहाला सगळे मोबाईलवर अमेरिकेतल्या व्हिसाचे व्हिडिओ लावतात. कोणीतरी गोरा माणूस ओरडत असतो की बाहेरचे लोक आमच्या नोकऱ्या खातात. परवाच्या दिवशीचं—नको, गुरुवारचं भांडण तुला जसंच्या तसं लिहितो.

ज्ञानेश सर म्हणाले, “नव्या माणसाला व्हिसावर न्यायचं तर आता कंपनीला एक लाख डॉलर भरायला लागत्यात. म्हंजी नव्वद लाखाच्या आसपास. तेवढ्यात इथं शिरूरमधी पन्नास पोरं वर्षभर कामाला ठेवता येत्यात.”

आमची तेजश्री टाळी वाजवून म्हणाली, “मग करू द्या की बंद व्हिसा! काम आपल्या पायानं जिना चढून वर आलं.”

नागसेन म्हणून एक माझ्या शेजारी बसतो. मांडवगणचा आहे, फार बोलत नाही. तो म्हणाला, “तिकडं त्या खुर्चीत बसलेला कोण होता? त्यो पण आपलाच कुणीतरी आसंल की.”

“आसंल तर त्यानं घरी यावं,” तेजश्री म्हणाली. “आयच्या हातची भाकर खावी. एवढं काय रडायचं?”

“तुझा भाऊ आसता म्हंजी?”

“माझा भाऊ वाळूचा ट्रक चालवतो. त्याला कशाला पायजे व्हिसा!”

सगळे हसले. मी पण हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

भाई, मला माहीत आहे.

ज्या अमेरिकन कंपनीचं काम आता आम्ही करतो, तिच्या तिकडच्या जुन्या टीमची ट्रेनिंगची फाईल ५ जानेवारीला आमच्याकडे आली. नोंद कशी करायची ते शिकवायला तिच्यात एक खोटा पेशंट बनवलेला आहे. नाव रोशनबी कासम. पत्ता खुटबाव रोड, टेक्सास. तक्रार अशी की बिल बरोबर आहे, पण पेशंट म्हणते मी जेवल्याशिवाय कोणालाही जाऊ देणार नाही. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, कोणीतरी गंमत केली आहे. मी ते नाव परत एकदा वाचलं. आपल्या अम्मीला तू अमेरिकेच्या कॉम्प्युटरमध्ये पेशंट करून ठेवलंस! पहिली दोन मिनिटं मला इतका आनंद झाला की मी ओरडणारच होतो, “ही माझी आई आहे!”

मग मी शेवटचं पान उघडलं. जुन्या माणसांची यादी होती. तुझ्या नावापुढे “प्रवेश बंद” आणि १२ डिसेंबर ही तारीख.

त्यानंतरही तू फोनवर “काम जोरात आहे” म्हणतोस. आपल्या रात्री साडेआठला फोन करतोस, म्हणजे तुझ्याकडे सकाळचे नऊ, ऑफिसची वेळ, आणि मागे तुझ्या स्वयंपाकघराचं कपाट दिसतं. अम्मी म्हणते, बरं झालं, आता त्याला जरा आराम मिळतोय. नोकरी गेल्यावर साठ दिवस तिथे राहता येतं, हे मी तीन ठिकाणी वाचून खात्री केली. आज छत्तीस झाले. १० फेब्रुवारीला संपतात.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी तीन दिवस शब्द शोधतोय. गाडी अजून आलेली नाही, तोवर लिहून टाकतो.

ऑक्टोबरमध्ये, मी नवीन होतो तेव्हा, त्या अमेरिकन कंपनीने ज्ञानेश सरांना पाचशे जुनी तिकिटं नमुना म्हणून पाठवली होती. नावं पुसलेली होती, कंपनीचं पण; ते मला जानेवारीत फाईल उघडल्यावरच कळलं. आमच्या माणसांनी केलेल्या नोंदीत चुका शोधून दाखवा, पटलं तर काम तुम्हाला देऊ, असं होतं. सरांनी ती मला दिली. मी सहा दिवस घरी नीट जेवलो पण नाही. एक्केचाळीस चुका काढल्या. त्यातल्या नऊ एकाच प्रकारच्या होत्या. कुठे “कस्टमर कॉल्ड डे आफ्टर टुमॉरो”, कुठे “सर्व्हर वॉज रिस्टार्टेड डे आफ्टर टुमॉरो”. फोन येऊन गेला, सर्व्हर चालू होऊन गेला, आणि तारीख मात्र अजून यायचीच.

मला लगेच कळलं की हा माणूस मराठी आहे. झालेल्या दिवसालाही परवा म्हणणारा आणि येणाऱ्या दिवसालाही परवा म्हणणारा. मी खुर्चीवरून उठून सगळ्यांना वाचून दाखवलं. तेजश्रीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. सर म्हणाले, “आरं, अमेरिकेत बसून परवा म्हणतंय कोण हे!” आणि मी रिपोर्टमध्ये लिहिलं की नोंद करणाऱ्याला झालेला दिवस आणि येणारा दिवस यांतला फरक कळत नाही, त्यामुळे त्याच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही. ते वाक्य सरांनी चांगल्या इंग्रजीत करून सगळ्यात वर घातलं. २० नोव्हेंबरला काम आम्हाला मिळालं. सरांनी पेढे आणले. मला दोन दिले.

मी तुला घरी बसवायला हात लावला, भाई. न बघता, पण माझ्याच हाताने.

फाईल आल्यावर ती नऊ तिकिटं मी परत उघडली; आता नावं दिसत होती, आणि नऊंवर तुझंच होतं. प्रत्येक नोंदीशेजारी वेळ छापलेली असते. नऊच्या नऊ पहाटे दोन ते चारमधल्या होत्या, तुझ्या तिथल्या घड्याळाने. म्हणजे दिवसभर काम करून तू रात्री परत उठून ती लिहीत होतास. वेळ माझ्या समोरच होती. मी ती बघितली नाही. मी फक्त स्पेलिंग बघितलं. आणि भाई, स्पेलिंग सगळं बरोबर होतं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

मी सही करणार नव्हतो. काल ज्ञानेश सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाले, “शोएब, तू न्हाई म्हणलास तर उद्या तुझ्या खुर्चीत दुसरा बसंल. भावाची खुर्ची काय माघारी येणार न्हाई. पर मला जुनं सॉफ्टवेअर आतून माहिती आसलेला माणूस पायजे. तुझ्या भावाला इचारून बघ. त्याच्या तिकडच्या पगाराचं नाव काढू नको, ते मला जमणार न्हाई. साठ हजार देतो. त्याच्या हाताखाली सगळे, तू पण.”

आनंदात मी त्यांना नीट थँक्यू पण म्हणालो नाही. भाई, तू आणि मी एका ऑफिसात! तू नोंद करायची, मी तपासायची. पण मी तुझ्या वतीने हो म्हटलेलं नाही. तुला तिथेच दुसरी कंपनी मिळत असेल तर मिळव, मी इथून दुवा करीन. माझं एवढंच मागणं आहे की दिवस संपल्यावर तू तिथे लपून राहू नकोस. आणि अम्मीला तूच सांग. मी सांगितलं तर ती मला विचारील की कसं झालं, आणि मला तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही.

अब्बांना मी काहीच सांगितलेलं नाही. फक्त म्हणालो की भाईने पाठवलेले पैसे या महिन्यात काढू नका. ते मोटारीची तार गुंडाळत होते. हात न थांबवता म्हणाले, “मी काय इचारत न्हाई. पर त्यो येणार आसंल तर मला आठ दिस आधी सांग. पुढल्या खोलीला रंग द्यायला पायजे.”

सही मी आज सकाळी १० वाजून १५ मिनिटांनी केली. दोन्ही प्रतींवर. तुझ्यापासून हे लपवून पगार घेणं मला जमलं नसतं, म्हणून गाडीत बसण्याआधी लिहिलं. तू रागावलास तर रागाव, पण त्या रागाचं एक उत्तर मला पाठव. चार शब्दांचं असलं तरी चालेल.

गाडी लागली. खाली हिशोब देतो. काढून टाकलं तर परतीचं भाडं कंपनीने द्यायचं असतं, असं वाचलं. त्यांनी दिलं असेल तर हे तुझ्याजवळच राहू दे.

तुझ्याच खुर्चीत बसलेला, तुझा धाकटा,
शोएब

हिशोब, आजचा:
डॅलस ते मुंबई, एका बाजूचं तिकीट, आज सकाळी पाहिलेला भाव: ₹ ६६,३००
तू ५ जानेवारीला घरी पाठवलेले, अब्बांच्या खात्यात तसेच: ₹ ४०,०००
माझे दौंडच्या दुकानातले शिल्लक: ₹ ९,८००
कमी पडतात: ₹ १६,५००
माझा जानेवारीचा पगार, डबा आणि एसटीचा खर्च वजा करून: ₹ १६,९००
आजवर तिकिटावर खर्च: काही नाही. तुझ्या होकाराशिवाय काढणार नाही.
देणे: तुझे ४०,०००, तू म्हणशील तेव्हा.
पगार ७ तारखेला होतो. तुझे दिवस १० ला संपतात. बसतंय.