न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा उन्हाळी सुट्टीतही चालू ठेवणेबाबत

दि. २७ एप्रिल २०२५, रविवार

प्रति,
मा. न्यायदंडाधिकारी मॅडम (प्रथमवर्ग),
तालुका न्यायालय, आंबेगाव, जि. पुणे.

अर्जदार : सौ. प्रतिभा गोकुळ चासकर, रा. महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव.

विषय : दारू पिऊन वाहन चालविल्याबद्दल अर्जदाराच्या पतीस झालेली ‘न्यायालय उठेपर्यंत’ बसण्याची शिक्षा पुढे चालू राहणेबाबत.

संदर्भ : मोटार वाहन कायदा कलम १८५ खाली मार्च महिन्यात आपण दिलेला निकाल.

महोदया,

१. अर्जदाराचा पती गोकुळ हा पिकअप चालवतो. कांदा काढणीच्या दिवसांत गावातल्या बाया कामावर न्यायच्या, परत आणायच्या आणि माल मंचरच्या मार्केटला टाकायचा, हा त्याचा धंदा. मार्चमध्ये येडगावची काढणी उरकून येताना, दिवस मावळायच्या सुमारास, हायवेवर पोलिसांनी गाडी बाजूला घेतली आणि त्याला यंत्रात फुंकायला लावले. आकडा काय आला ते आपल्या कागदात आहेच. मागे हौद्यात बाया बसलेल्या होत्या, त्यांत अर्जदारही होती. गाडी वेडीवाकडी चालली नव्हती, हे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे. उलट शेजारी बसलेल्या लंकाबाई मावशी कळंबच्या आधीच म्हणाल्या होत्या, "पोरी, तुझा नवरा आज लई सरळ चालवतोय. पिलाय जणू."

२. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एका वकीलसाहेबांनी प्रकरण ऐकून घेतले. ते म्हणाले, यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली त्याचा दाखला मागू, दवाखान्यात नेऊन रक्त घेतलेले नाही हे मांडू, तारखा पडत राहतील, सुटून जाशील. गोकुळचा मित्र सावळेराम सोबत होता, त्याने लगेच मान डोलावली. गोकुळ म्हणाला, "साहेब, यंत्र चुकलं आसंल. पण मी तर पिलोच व्हतो की." वकीलसाहेबांनी चहा संपवला आणि दुसऱ्या पक्षकाराकडे गेले. गोकुळने आपल्यासमोर गुन्हा कबूल केला. आपण दंड केला, परवाना काही महिन्यांसाठी थांबवला आणि न्यायालय उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. दंड भरला आहे. परवाना जमा आहे. तक्रार त्याबद्दल नाही.

३. तक्रार अशी की ती शिक्षा फार लवकर संपली.

४. त्या दिवशी गोकुळ शेवटच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसला आणि एसटीने घरी आला. अर्जदाराने दारातच त्याच्या तोंडाजवळ नाक नेले. ही अर्जदाराची लग्नापासूनची पद्धत आहे. या नाकाकडे तपासणीचा कोणताही दाखला नाही, त्यामुळे ते वकीलसाहेबांसमोर टिकणार नाही, परंतु बडीशेप, विलायची, कच्चा कांदा आणि पेरूचा पाला या सर्वांच्या मागचा वास त्याने आजवर ओळखलेला आहे. त्या दिवशी तोंडाला फक्त चहाचा वास होता. जेवताना गोकुळ बांधाच्या भांडणाची केस सांगत बसला, ताटात हात वाळला तरी उठेना. इतके बोलणे अर्जदाराने साखरपुड्यानंतर प्रथमच ऐकले.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाला, "जरा कोर्टात जाऊन येतो." अर्जदाराला वाटले, नवीन बहाणा निघाला. पण संध्याकाळी पुन्हा चहाचाच वास. तेव्हापासून ज्या दिवशी न्यायालय भरते त्या दिवशी गोकुळ जातो, बसतो आणि कोरडा परत येतो. ज्या दिवशी भरत नाही त्या दिवशी दुपारीच गायब होतो आणि अंधार पडल्यावर सावळेरामच्या खांद्यावरून येतो. कोर्टातल्या शिपाईभाऊंनी त्याला विचारले, "आज कशाची तारीख, पावणं?" तो म्हणाला, "शिक्षा चालूय." गावात आता सावळेराम त्याला हाक मारतो, "काय जज्जसाहेब, आज कुणाला लटकावलं?" गोकुळ हसतो. पूर्वी अशा बोलण्यावर तो गाडीची चावी उचलून निघून जायचा.

६. नेमके काय होते ते पाहावे म्हणून अर्जदार एकदा कामाला खाडा करून कोर्टात आली आणि त्याच्या मागे बसली. त्या दिवशी दारूच्याच केसेस जास्त होत्या. एकजण म्हणाला, खोकल्याचे औषध घेतले होते. एकजण म्हणाला, हळदीचा कार्यक्रम होता, पाहुण्यांनी सोडले नाही. एकजण म्हणाला, एवढ्याशा अंतराला काय होतेय. दाराशी त्या शेवटच्याची बायको कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती. महोदया, ही सगळी वाक्ये गोकुळची आहेत. अर्जदाराने ती त्याच क्रमाने ऐकलेली आहेत. ती दुसऱ्यांच्या तोंडून एकामागून एक निघताना गोकुळचे कान मागून लाल होताना दिसत होते. घरी येताना एसटीत तो म्हणाला, "लोकं लई खोटं बोलत्यात, प्रतिभा." अर्जदार हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली, कारण हसली असती तर रडली असती.

७. आता उन्हाळी सुट्टी तोंडावर आली आहे. न्यायालय महिनाभर बंद राहील असे शिपाईभाऊ सांगतात. ते ऐकल्यापासून अर्जदाराच्या हाताला काम सुचत नाही. भाकरी करपते, म्हशीची धार अर्धीच निघते. सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत परवाना परत मिळेल. त्याच पिकअपच्या हौद्यात पुन्हा बाया बसतील. अर्जदार त्यांना काय सांगणार?

८. म्हणून मागच्या रविवारी अर्जदाराने ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची मांडली, चांगले लुगडे नेसली आणि अकराच्या ठोक्याला बसली. गोकुळला समोर पायरीवर बसायला सांगितले. "येडी झाली काय?" असे म्हणून तो बसला. लंकाबाई मावशी पाणी घेऊन चालल्या होत्या, थांबल्या.

"काय गं, कशाची बैठक?"

"कोर्ट चालूय, मावशी."

मावशींनी हंडा खाली ठेवला. "मंग माझीबी तक्रार घे. त्या दिशी हौद्यात आमी सगळ्या व्हतो. ह्यानं किती पिली ते मशिनीनं मोजलं. आमी मेलो आसतो तर ते मोजायला मशीन हाय का कुठलं?"

गोकुळ बराच वेळ पायरीवरचे खडे सारत बसला. मग म्हणाला, "मावशी, कबूल हाय."

मावशींनी हंडा उचलला. जाताना एवढेच म्हणाल्या, "बस मंग."

९. दुपार कलल्यावर गोकुळ उठला. चपला पायात सरकवल्या. गल्लीच्या तोंडाशी सावळेराम उभा होता. गोकुळने अर्जदाराकडे पाहिले आणि म्हणाला, "उठ की आता." अर्जदार उठली नाही. पाठ धरली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी उठली नाही. सावळेराम ओरडला, "राव, बायकोनं समन्स काढलं का काय?" गोकुळने चपला काढल्या आणि पुन्हा बसला. म्हैस हंबरायला लागली तेव्हा म्हणाला, "कोर्टाची परवानगी आसंल तर धार काढून येतो." परवानगी देण्यात आली. तो परत आला. रविवार कोरडा गेला.

१०. आजही रविवार आहे. हा अर्ज अर्जदार त्याच खुर्चीत बसून, मांडीवर पाट ठेवून लिहीत आहे. परंतु महिनाभर असे बसणे जमणार नाही. काढणीचे थोडे रान राहिले आहे, मुकादम थांबत नाही, आणि अर्जदाराच्या उठण्या-बसण्याला कायद्याचा आधार नाही. एक दिवस गोकुळला ते कळेल, याची धास्ती वाटते.

तरी विनंती अशी. निकाल लागला तो लागला, आता त्यात बदल होत नाही, हे अर्जदाराला सांगण्यात आले आहे. शिक्षा वाढवू नका. फक्त एक ओळ लिहून द्या, की सुट्टीत न्यायालय बंद असले तरी गोकुळ चासकर याच्यापुरते ते उठलेले नाही. खाली शिक्का असावा. तो कागद अर्जदार खुर्चीवर ठेवील आणि कामाला जाईल. सुट्टी संपल्यावर शेवटच्या बाकावर त्याला जागा असू द्यावी, गर्दी असेल तर तो भिंतीशी उभा राहील.

अर्जदाराला उद्या रानात जायचे आहे, त्यामुळे अर्ज गोकुळ स्वतः आणून देईल. त्याला वाचून दाखवला आहे. "हे म्हशीचं कशाला लिहिलं?" एवढीच त्याची हरकत आहे. घरापासून आपल्यापर्यंत एसटी बदलावी लागते, आणि गाडी बदलायच्या ठिकाणी समोरच दारूचे दुकान आहे. तो उतरेल, थांबेल, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कुणी नसेल.

अर्ज आणून देणाऱ्याच्या तोंडाला वास येत असल्यास हा अर्ज न वाचता फेटाळावा. येत नसल्यास कृपया त्याला बसायला सांगावे.

आपली नम्र आणि अद्याप न उठलेली,

(सही)
सौ. प्रतिभा गोकुळ चासकर

सोबत :
१) दंडाच्या पावतीची झेरॉक्स
२) गोकुळ, समक्ष