तिसऱ्या अंकातला माझा मृत्यू

रविवार, ७ सप्टेंबर

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात यंदा 'खड्गपौर्णिमा' करायचं ठरलं. शोकांतिका. दिग्दर्शक एकनाथकाका. ते इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, आपल्या सगळ्यांच्या आधी आले, त्यामुळे मंडळाचं प्रत्येक नाटक तेच बसवतात.

चार मृत्यू आहेत. आधी महाराज, मग सेनापती, मग युवराज, शेवटी राजकन्या. युवराज मी. राजकन्या, म्हणजे नाटकातली माझी बहीण, यामिनी. माझ्या मृत्यूला संहितेत एक ओळ आहे: 'युवराज प्याला ओठाला लावतो व कोसळतो.'

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, एकच ओळ मिळाली म्हणून वाईट वाटतंय का? उत्तर: नाही. वाईट वाटतंय ते नाटककाराबद्दल. केवढी संधी होती त्यांना.

रविवार, १४ सप्टेंबर

अभ्यास सुरू. या नाटकावर दोन सिनेमे आले. एक जुना मराठी, कृष्णधवल. एक नंतरचा हिंदी, रंगीत. दोन्ही बघून टाकले.

नाटकात महाराजांचा मृत्यू दिसतच नाही. आत नगारा वाजत असतो, तो थांबतो. रंगमंचावरचे सगळे एकमेकांकडे बघतात. बस. मराठी सिनेमात नगाराही नाही. नुसता हत्ती परत येतो, वर माहूत नाही आणि अंबारी रिकामी. अंगावर काटा आला. हिंदीत महाराज घोड्यावरून पडतात, परत चढतात, परत पडतात, मग गाणं म्हणतात. माझी बायको सुनेत्रा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अरे, मरू दे की त्यांना."

निष्कर्ष लिहून ठेवतो. ताण मेलेल्यात नसतो, अजून न मेलेल्यात असतो. एक गेला की प्रेक्षक उरलेल्यांचे चेहरे बघायला लागतो, आता कोणाची पाळी? म्हणून प्रत्येक मृत्यूचं काम एकच: पुढच्यासाठी जागा करून देणं.

वाक्य इतकं आवडलं की अनिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सो यू हॅव टू डाय क्विकली?" पोरगी हुशार आहे, पण हायस्कूलमध्ये बारकावे शिकवत नाहीत.

शनिवार, २० सप्टेंबर

यामिनीच्या बेसमेंटमध्ये पहिली तालीम. तिची आई नागपूरहून आली आहे, नोव्हेंबरपर्यंत राहणार. जिन्याने खाली उतरणं गुडघ्यांना झेपत नाही म्हणून त्या वरच होत्या. वरून चिवडा पाठवला. उत्तम.

यामिनी कॉलेजात नाटक करायची, स्पर्धेत बक्षिसं मिळवलेली आहेत. पण वडिलांना खपायचं नाही, म्हणून घरी 'एक्स्ट्रा क्लास' सांगून जायची. आईला माहीत होतं. आई डबा द्यायची आणि गप्प बसायची. तिने यामिनीचं एकही नाटक पाहिलेलं नाही. "आता बघेल," यामिनी म्हणाली. "पुढच्या वेळी तिला विमानात बसवणं जमणार नाही मला."

मला भरून आलं. ठरवलं की माझ्याकडून या नाटकाला काही कमी पडू द्यायचं नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

थोडं कमी पडत होतं, म्हणून भर घातली.

अडचण अशी आहे. मराठी सिनेमात युवराज मरतो तेव्हा नुसता प्याला पायऱ्यांवरून गडगडत जाताना दिसतो. सुंदर. पण तो कॅमेरा होता. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये शेवटच्या रांगेतल्या माणसाला प्याला दिसणार कसा? तेव्हा प्याल्याचं काम शरीराने करायला हवं. मी आधी घसा धरतो, मग खांब धरतो, मग सिंहासन धरतो. मग 'आकाश... इतकं जवळ?' असं म्हणतो (हे माझं). मग कोसळतो. मग एक हात वर.

एकनाथकाका म्हणाले, "श्रीरंगा, विष आहे ते, व्हिसाचा इंटरव्ह्यू नाही. एवढा वेळ लागत नाही."

प्रल्हाद सेनापती आहे, दुसऱ्या अंकातच मरतो. तो म्हणाला, "यार, तू सिंहासन धरेपर्यंत मी ओ'हेअर विमानतळावर जाऊन कोणालातरी घेऊन आलो असतो."

त्याचा मृत्यू तलवारीचा. एका घावात संपतो. त्याला थोडी असूया वाटणं स्वाभाविक आहे. मी मनात काही ठेवलं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात सराव. फ्रिज म्हणजे खांब. अनिका दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, आर यू स्टिल डाइंग? आय नीड द मायक्रोवेव्ह."

शनिवार, २५ ऑक्टोबर

सगळ्यांसमोर बोलणं झालं. ऑडिटोरियम साडेनऊपर्यंतच मिळालं आहे. त्यानंतर शाळेचा माणूस दिवे लावतो आणि दारं उघडतो. नियम म्हणजे नियम. काका म्हणाले, शेवटचा प्रवेश यामिनीचा आहे, नाटक त्याच्यासाठी आहे, बाकी सगळ्यांनी वेळेवर मरा.

हे मला उद्देशून होतं का, याचा घरी येताना गाडीत बराच विचार केला. सुनेत्रा म्हणाली, "नाही रे, महाराजांना उद्देशून होतं. ते पडद्यामागे फार रेंगाळतात." तिच्या बोलण्यात खवचटपणा असेल असं मला वाटत नाही.

तरी संकल्प: खांब कमी करायचा.

(तालमीत मेल्यावर मी उठतो आणि कोपऱ्यात माझ्या नोट्स काढतो. माझ्या जागी यामिनी सोफ्याची उशी ठेवते. आज ती म्हणाली, "श्रीरंग, एकदा तरी पडून राहा ना. उशीशी बोलताना रडू येत नाही." पुढच्या वेळी नक्की.)

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रंगीत तालीम. खांब काढला, पण खांबाशिवाय सिंहासनापर्यंत पोचताच येईना, म्हणून परत घेतला. पडून राहायचं राहून गेलं. मृत्यूचं चित्रीकरण सुनेत्राने फोनवर केलं होतं, ते लगेच बघणं गरजेचं होतं.

निघताना यामिनीला शब्द दिला: उद्या प्याला, कोसळणं, संपलं. संहितेप्रमाणे. ती म्हणाली, "खरंच?" मी म्हणालो, "अगं, माझाच सिद्धांत आहे तो."

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. निदान इथे तरी.

समोशांच्या रांगेमुळे पडदा उशिरा उघडला. तरी वेळ पुरत होता. महाराजांचा नगारा थांबला तेव्हा एक लहान मूलसुद्धा गप्प झालं. सेनापती एका घावात गेले. तिसरा अंक. मी प्याला ओठाला लावला.

इथेच कोसळायचं होतं. कोसळणारच होतो. पण हॉलमध्ये इतकी शांतता होती, आणि ती सगळी माझ्याकडे बघत होती. खांब जवळच होता.

खांब धरला. सिंहासन धरलं. आकाश जवळ आलं. कोसळलो, हात वर केला, खाली टाकला. टाळ्या. मोठ्या टाळ्या. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "वन्स मोअर!"

आपल्या रंगभूमीवर वन्स मोअर म्हणजे मायबापांचा हुकूम. तो गाण्याला मिळतो. मृत्यूला मिळाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. नाकारणं उद्धटपणाचं झालं असतं, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. यामिनी विंगेतून आली होती, हातात समई होती. 'दादा' असं म्हणून ती माझ्याकडे धावली होती. आणि मी उठलो.

प्याला शोधायला वेळ लागला, तो सिंहासनाखाली गेला होता. परत प्यायलो. परत मेलो. पहिल्या वेळी घाईत सुटलेल्या दोन जागाही घेतल्या. तेवढा वेळ यामिनी समई धरून उभी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबलो असतो, असं लिहावंसं वाटतं. खात्री नाही.

मग ती माझ्याशेजारी बसली. बोलायला लागली. तिने प्याला उचलला, आणि दिवे लागले. सगळे. शाळेचा माणूस मागच्या दारात उभा होता, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. अगदी अदबीने म्हणाला, "सॉरी, फोक्स." लोक उठून कोट शोधायला लागले. राजकन्या जिवंत राहिली.

 घर आल्यावर गाडीतून उतरताना अनिका म्हणाली, "यामिनीमावशीची आई माझ्या बाजूला बसली होती. ती मला विचारत होती, संपलं का? माझी मुलगी मेली का?"

मराठीत म्हणाली. अनिका मराठीत बोलते तेव्हा मला भीती वाटते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

'वन्स मोअर' कोण ओरडलं ते कळलं. प्रल्हाद. मेल्यावर मेकअप पुसून मागे जाऊन बसला होता. फोनवर म्हणाला, "अरे यार, चेष्टा केली मी! अख्खा हॉल हसत होता. तू उठशील असं मला काय माहीत?"

हसत होते? मला ते हुंदके वाटले होते.

म्हणजे चूक प्रल्हादची. आणि समोशांची. आणि साडेनऊला दिवे लावणाऱ्या नियमाची. अशी यादी मनात जुळवत होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की अनिका दारात उभी आहे आणि मी मोठ्याने बोलतो आहे. ती मायक्रोवेव्हमधून दूध काढून निघून गेली.

यामिनीला माफीचा मेसेज लिहिला. वाचून पाहिला तर तीन परिच्छेद मंडळाच्या वेळेच्या नियोजनावर होते आणि शेवटी 'सॉरी' होतं. पुसला. दुसरा लिहिला. त्यात 'प्रेक्षकांच्या आग्रहामुळे' आलं. तोही पुसला. शेवटी फोनच केला. म्हणालो, यामिनी, मला तुझी माफी मागायची आहे.

ती म्हणाली, "माफी नको. प्रेत पाहिजे."

तिच्या आईचं विमान रविवारी आहे. शनिवारी दुपारी ती आईसाठी फक्त शेवटचा प्रवेश करणार, घरातच, फॅमिली रूममध्ये. काकांना जमिनीवर झोपवत नाही. प्रल्हादला बोलावलं तर तो हसेल. "तुला फक्त पडायचं आहे," ती म्हणाली. "मेलेला ये."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्यासाठी संकल्प: प्रवेश संपला की आईंसमोर उभं राहून स्पष्ट सांगायचं, काकू, त्या दिवशी तुमच्या मुलीचा प्रवेश माझ्यामुळे गेला. कारणं द्यायची नाहीत. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज जरा खाली आणला तर जास्त परिणाम होतो असं वाटलं. मग स्वतःची इतकी किळस आली की दिवा बंद करून झोपलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळ

मुकुट नाही, नाटकातली दाढी नाही. चष्मा आणि स्वेटर. यामिनीने आईला सांगितलं, "हे श्रीरंग. मंडळातले." आई खुर्चीवर होत्या, गुडघ्यांवर शाल. मी गालिच्यावर पडलो. यामिनीने माझ्या अंगावर पलंगपोस घातला, तोंडावरूनसुद्धा.

त्यामुळे मी काहीच पाहिलं नाही. फक्त ऐकलं. आणि ऐकताना कळलं की मी हा प्रवेश याआधी एकदाही ऐकलेला नाही. ती भावाला उठवत होती. आधी लाडाने, मग रागावून, मग लहानपणी त्याला हाक मारायची तशी. प्याल्यात किती उरलंय ते तिने बघितलं असावं, कारण ती थांबली. मग म्हणाली, 'माझ्यापुरतं ठेवलंस. तू नेहमीच ठेवायचास.' नंतर काहीच नाही. पडल्याचा आवाजसुद्धा नाही. मला कळेना ती मेली की नाही. मी श्वास धरून पडलो होतो आणि मनात एकच होतं, देवा, आता हिला कोणी थांबवू नये.

मग आईंचं रडणं ऐकू आलं. मग यामिनीचं. पलंगपोसाखाली मी बराच वेळ पडून राहिलो. कोणाला माझी आठवण नव्हती, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. माझा पाय पार बधिर झाला होता.

शेवटी आईच म्हणाल्या, "उठा बाप्पा आता, झालं."

उठलो. तोंड उघडलं. 'काकू' एवढं म्हणालोसुद्धा. पण त्या डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती छान पडला होतात हो. जरासुद्धा हालला नाहीत. नाहीतर त्या दिवशीचा तो! मेला मरतच नव्हता!"

यामिनी माझ्याकडे बघत होती. तिने मला पूर्ण वेळ दिला.

मी म्हणालो, "हो ना काकू. काही लोकांना कुठे थांबायचं तेच कळत नाही."

यामिनीने नजर काढून घेतली. चहाला निघाली. दारातून विचारलं, साखर किती?

एक चमचा म्हणालो. मी दोन घेतो.