कंदुरीची चूल

अण्णा, कंदुरीच्या दिवशी सकाळी आपण दोघं लिंबाखाली कांदे सोलत बसायचो. माझे डोळे लगेच गळायला लागायचे, तुमचे कधीच नाही. कांदे झाले की तुम्ही शेतातल्या चुलीला जाळ घालायचात, नवसाचा बोकड कापून झालेला असायचा, तुमचे सोबती जमायचे. मग मला सांगायचात, "जा आता मायपाशी. कंदुरीच्या चुलीपाशी बायामाणसं थांबत न्हाईत." मी बांधावर जाऊन बसायचे. तिथून तुमची पाठ दिसायची, वाफ दिसायची, रश्शात येसराचं भाजकं पीठ पडलं की वास यायचा. नन्सच्या शाळेत घालून तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत, चारचौघांत बोलायला शिकवलंत, पण त्या चुलीपाशी बसू दिलं नाहीत. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. तशीच रीत होती.

तुम्ही गेल्यापासून भाऊ कंदुरीला नेकनूरहून आचारी आणतो. रस्सा लाल होतो, तिखट होतो, तुमचा होत नाही. यंदा तुमची नात, भावाची पोरगी, म्हणाली, मी करते. भाऊ म्हणाला, आधी वरण नीट कर. ती म्हणाली, पप्पा, तुम्हाला अंडंही उकडता येत नाही. सगळे हसले, पण नाही ते नाहीच. थोरली आत्या म्हणून पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, परत आल्यावर बघू, आणि लेकीकडे स्पेनला निघून गेले.

ती राहते ते सान सेबास्तियान समुद्राला कवेत घेऊन बसलेलं गाव आहे. जुन्या गल्ल्यांत दुकानादुकानांत फळीवर ताटं मांडलेली, लोक उभ्यानंच खातात. ऑलिव्ह, खारवलेला छोटा मासा आणि हिरवी मिरची एका काडीत ओवलेली. मिरची नावालाच, पण मासा आपल्या सुकटीची आठवण करून देणारा. मी तीन काड्या खाल्ल्या. लेक म्हणाली, आई, इथून पुढे अजून चार दुकानं आहेत.

एका दुपारी तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी आम्हाला त्यांच्या मंडळात जेवायला नेलं. तिथं पुरुषच सभासद, पुरुषच रांधतात. पूर्वी बायकांना त्या स्वयंपाकघरात पाय ठेवता येत नसे. ते म्हातारबाबा मातीच्या पसरट भांड्यात तेल, लसूण आणि मासा घालून भांडंच गोल गोल हलवत होते. चमचा घालायचाच नाही. मी सवयीनं उंबऱ्यातच थांबले. त्यांनी हात केला, लेकीनं सांगितलं ते काय म्हणतायत: "तिथून चव कळायची नाही. आत या."

भांड्याचे कान त्यांनी माझ्या हातात दिले. हलवता हलवता तेल सायीसारखं दाट झालं. पावानं पुसून पुसून खाल्लं. मग त्यांनी विचारलं, तुमचे वडील काय रांधायचे? मी खोबरं भाजण्यापासून सुरुवात केली आणि येसरापाशी अडकले. किती घालायचं, आधी कालवून घ्यायचं की कोरडं, हे बांधावरून कधी दिसलंच नव्हतं.

परत आल्यावर भावाला सांगितलं, यंदा पोरगी रांधणार आणि मी तिच्याशेजारी बसणार. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील, आक्का?" मी म्हटलं, आधी जेवतील, मग म्हणतील.

हे कुठं पाठवायचं नाही. खरं सांगायचं तर तुम्ही असतात तर विचारायची माझी छाती झाली नसती. तुम्ही हो म्हणाला असतात का, तेही मला ठाऊक नाही.

माझ्यामागे गोंधळ नको म्हणून लिहून ठेवते. माझ्या पाटल्या लेकीला. पुस्तकं नन्सच्या शाळेला. आईची इरकल भावजयीला. आणि वावराच्या कडेची ती चुलीची जागा, वाटणीत कुणाच्याही नावावर जावो, कंदुरीच्या दिवशी तुमच्या नातीची.